सासऱ्यांच्या कुणग्यातला कांदा

डिचोली तालुक्यातील एका वाचक ताईंचे पत्र, थोडे आखडून:

«आमची दोन हजार चौरस मीटर मरड, म्हणजे उंचवट्यावरची, जागा आहे. तीन वर्षं तिथे कांदा लावते आणि माळा विणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेते. पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. गेल्या हंगामात आधी वाफ्यातली रोपं आडवी पडली, मग पातीवर जांभळे डाग आले, आणि काढणीच्या वेळी कांदा हाताला मऊ लागू लागला. जे वाचले त्यांच्या माळा माळ्यावर टांगल्या. श्रावण सरल्यावर उतरवल्या तर निम्मे आतून काळे. गिऱ्हाइकांना मी सांगते की आमच्या कांद्याला औषध नाही. म्हणून फेब्रुवारीत कूज दिसताच ट्रायकोडर्मा या जैविक औषधाची पावडर आणली आणि कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पंपानं मुळांशी सोडली. काडीचा फरक पडला नाही. मिस्टर म्हणतात, जैविक म्हणजे थोतांड, सरळ बुरशीनाशक मारू. सासरे म्हणतात, मरडीवर कांदा लावलास तिथंच चुकलीस, आमच्या वेळी कांदा कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, असायचा. यात खरं कोणाचं?»

ताई,

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुमच्या यजमानांचा थोडा राग आला. दुसऱ्या वाचनात वाटले, त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. डोळ्यांदेखत पीक कुजते आहे आणि बायको त्याला पांढरी पावडर पाजते आहे, हे बघत गप्प बसणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. खरे सासऱ्यांचे आहे. ते का, हे बहुधा त्यांनाही सांगता येणार नाही, म्हणून मी सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. तुम्ही ‘रोग’ असा एकवचनी शब्द मनात धरून बसला आहात, आणि एका पावडरीने तो जावा अशी तुमची अपेक्षा आहे. तुमच्या शेतात निदान चार वेगवेगळी दुखणी होती. वाफ्यात आडवी पडलेली रोपे ही मर. पातीवरचे डाग, म्हणजे खोलगट पांढुरका ठिपका, मध्ये जांभळा, भोवती पिवळी कड आणि त्या जागी पात मोडणे, हा जांभळा करपा. त्याची बुरशी अल्टरनेरिया. जमिनीतली कूज तिसरी. माळेतला काळा भुगा चौथा, आणि तो तर शेतातून निघाल्यावरच वाढला. या चारही दुखण्यांमागच्या जीवांचे जगणे वेगळे आहे. एक पाण्याने माजते, एक दवावर, एक मातीत वर्षानुवर्षे दबा धरून बसते, एक कोंदट हवेत. तेव्हा एकच पाकीट चौघांना पुरे पडणार नव्हतेच.

यातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते जमिनीतले दुखणे, कारण बाकीची तीन येतात-जातात, हे मुक्कामाला असते. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे: मऊ झालेल्या कांद्याला वास येत होता का? हसू नका, निम्मे निदान नाकानेच होते. कांदा उभा चिरा. चिकट, गळगळीत झाला असेल आणि नाक धरावे अशी घाण मारत असेल, तर ते काम जिवाणूंचे आहे, बुरशीचे नव्हे, आणि त्यावर ट्रायकोडर्मा काहीच करू शकत नाही. तिथे पाण्याचा निचरा, युरिया आणि काढताना झालेल्या जखमा यांच्याकडे बघायचे. वास फारसा नसेल, कांद्याचा तळ, म्हणजे जिथून मुळे फुटतात ती चकती, तपकिरी पडली असेल, मुळे झडून कांदा नुसता ओढला तरी हातात येत असेल आणि बुडाशी पांढरी बुरशी दिसत असेल, तर ती फ्युजेरियमची मूळकूज. अशा रोपाची पात शेंड्याकडून पिवळी पडत खाली वाळत येते. तिसरी शक्यता अशी की मानेपाशी कापसासारखे पांढरे जाळे आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. ते दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम. मिरची, वांगे, भुईमूग, सगळ्यांवर जगणारी महाबिलंदर बुरशी.

फ्युजेरियमची मूळकूज करणारी जात कांदा-लसणाच्या कुळापुरती असते. म्हणून एकाच जागी तीन वर्षे कांदा लावणे म्हणजे तिला पंगतीला बसवून दरवर्षी वाढत जाणे. पहिले वर्ष सोन्यासारखे गेले यात नवल नाही. तेव्हा पाहुणा यायचा होता. तिच्या जाड भिंतीच्या बीजाणूंना उपास घडला तरी ते मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. त्यात आपली मरड जमीन लाल, जांभ्याची, आंबट. पावसाने तिच्यातला चुना धुऊन नेलेला. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या जमिनीकडून वेगळी अपेक्षा करता येत नाही. आंबट माती फ्युजेरियमला मानवते.

आता कुणगा. तुमच्या सासऱ्यांच्या वेळी पावसाळ्यात जिथे भात उभे असायचे, तिथेच कापणीनंतर ओल बघून अळसांदे (चवळी), मिरची, कांदा घेत. कोणी त्याला जैविक नियंत्रण म्हटले नाही, पण ते तेच होते. भातखाचरात तीन-चार महिने पाणी उभे राहते तेव्हा मातीतली हवा संपते. बुरशीला हवा लागते. पाण्याखाली कुजणाऱ्या पेंढ्या-पानांतून आंबटसर पदार्थ सुटतात, हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात, आणि ते बुरशीच्या बीजाणूंवर, त्या मोहरीच्या दाण्यांवर ताव मारतात. फ्युजेरियम आणि स्क्लेरोशियम दोन्ही त्यात पार संपत नाहीत, पण पुष्कळ खच्ची होतात. शिवाय भात हे गवताच्या कुळातले. त्याच्यावर कांद्याच्या बुरशीचे पोट भरत नाही. म्हणजे दर पावसाळ्यात शेत आपोआप धुऊन निघायचे. भात परवडेनासे झाले, कुणगे पडीक पडले, कांदा मरडीवर चढला, आणि फुकटात मिळणारे ते औषध गेले. मरडीवर पाणी उभे राहत नाही. तिथली माती पावसाळाभर ओली आणि हवेशीर. बुरशीला आणखी काय हवे?

म्हणून यंदाचा कांदा त्या दोन हजार मीटरांत लावू नका. सासऱ्यांचा कुणगा अजून घरात असेल आणि यंदा त्यात भात असेल, तर कापणीनंतर तिथे उतरा. उंच वाफे करा, वीतभर तरी. खाचराची माती पाणी धरते आणि सपाट जागी कांद्याचे बूड ओलीत राहील. मरडीवर दोन-तीन वर्षे कांदा-लसूण नको. तिथे काय लावायचे ते मात्र बुरशी ओळखल्यावर ठरवा. फ्युजेरियम असेल तर अळसांदे चालतील. मोहरीचे दाणे दिसले असतील तर अळसांदे, मिरची, भुईमूग नकोत, कारण ती बुरशी त्यांच्यावरही जगते, मका लावा. फेरपालट करा एवढेच सांगून मोकळे होणारे सल्ले मला आवडत नाहीत ते यासाठीच.

कुणगा मिळतच नसेल आणि पुन्हा मरडीवरच यायचे असेल, तर येत्या एप्रिल-मेचे ऊन वापरा. जमीन नांगरून, ढेकळे फोडून, चांगली भिजवून तिच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा आणि कडा मातीने बुजवा. काळे नको, पारदर्शकच. काळे स्वतः तापते, पारदर्शक मातीला तापवते. चार ते सहा आठवडे. जमीन कोरडी ठेवलीत तर उपयोग अर्धाही होणार नाही, कारण ओल्या मातीत उष्णता खोल जाते आणि ओले बीजाणू लवकर मरतात. सगळ्या जागेला प्लास्टिक परवडत नसेल तर निदान रोपवाटिकेपुरते करा.

आता तुमची पावडर. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच. रिचर्ड वाइंडलिंग या संशोधकाने १९३२ साली दाखवले की ही बुरशी दुसऱ्या बुरशीच्या धाग्यांना विळखा घालते आणि त्यांच्यावर जगते. तिच्याकडे पाचक रस असतात; त्यांनी ती शत्रूची भिंत विरघळवते. पण मला विचाराल तर तिचे मोठे काम मारामारीचे नाही, जागा अडवण्याचे आहे. बसमध्ये रुमाल टाकून सीट धरतात ना, तसे. मुळाभोवतीची जागा आणि तिथले खाणे तिने आधी बळकावले, तर फ्युजेरियमला उभे राहायला ठाव मिळत नाही. आता सांगा, फेब्रुवारीत कांद्याचा तळ कुजलेला, म्हणजे सीटवर फ्युजेरियम पाय पसरून बसलेली, आणि तुम्ही रुमाल घेऊन आलात. कुजलेला कांदा ती परत घडवू शकत नाही. कोणतेच औषध घडवू शकत नाही, हे यजमानांनाही सांगा.

वेळ चुकली ही एक बाब झाली. दुसरी तुमच्या पत्रातल्या एका शब्दात आहे आणि तो वाचून मी कपाळावर हात मारला: कुळागरातला पंप. त्या पंपाने तुमचे यजमान पावसाळ्यात सुपारीला कोळेरोगासाठी बोर्डो मारत असणार. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबे, आणि तांबे ट्रायकोडर्मालाही मारते, स्युडोमोनास या उपयोगी जिवाणूलाही. टाकीच्या तळाशी, नळीत, नोझलमध्ये जो निळा साका बसतो, त्यातून तुमचे जिवंत औषध गेले. मी हे इतक्या ठामपणे बोलतो कारण हा गाढवपणा मी स्वतः केला आहे. फोंड्याला घरामागे आल्याचे चार वाफे होते. एका हाताने ट्रायकोडर्मा घातला, आठवड्यात दुसऱ्या हाताने मोरचूद ओतला आणि वर पावडर बोगस म्हणून दुकानदाराशी भांडून आलो. जैविक औषधासाठी वेगळी झारी ठेवा, पंधरा लिटरची, प्लास्टिकची, साधी. तिच्यावर नेलपॉलिशने तुमचे नाव लिहा म्हणजे ती कुळागरात जाणार नाही.

तिसरी बाब पाकीट. ट्रायकोडर्माच्या पाकिटात जीव असतात आणि ते महिन्यागणिक कमी होत जातात. पत्र्याच्या शेडात किंवा उन्हात ठेवले तर फारच लवकर. घेताना नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत तिन्ही बघा. ट्रायकोडर्माच्या एका ग्रॅममध्ये निदान वीस लाख जिवंत बीजाणू असावेत असा आपल्याकडे दंडक आहे. पाकिटावर ते दोन गुणिले दहाचा सहावा घात असे लिहिलेले असते. लिहिलेले आहे म्हणजे आत आहेतच असे नाही, म्हणून एक घरगुती परीक्षा सांगतो. मूठभर तांदूळ मोकळे शिजवा, पाणी निथळून पूर्ण थंड करा, उकळत्या पाण्याने धुतलेल्या दोन काचेच्या बरण्यांत घाला. एकीत चिमूटभर पावडर टाकून हलवा, दुसरीत काहीच नको. तोंडाला स्वच्छ फडके बांधून सावलीत ठेवा. चार-पाच दिवसांत पावडरीच्या बरणीत आधी पांढरी मग हिरवी बुरशी भरभरून पसरली आणि दुसरी बरणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिली, तर पावडर जिवंत आहे. दोन्ही सारख्याच हिरव्या झाल्या तर परीक्षा नापास, कारण स्वयंपाकघरातल्या हवेतली बुरशीही हिरवी असते. पुन्हा करा. भात मात्र झाल्यावर शेतात पुरा, कोंबड्यांना घालू नका. शास्त्रज्ञ या परीक्षेला नाक मुरडतील, पण मेलेले पाकीट ओळखायला ती पुरते.

पाकीट चांगले निघाले की त्याला थेट शेतात टाकू नका. नुसती पावडर कोरड्या लाल मातीत टाकणे म्हणजे भुकेल्या माणसाला उघड्यावर सोडणे. शंभर किलो चांगले कुजलेले शेणखत घ्या. ताजे शेण नको, ते तापते. त्यात किलोभर पावडर मिसळा, जमले तर चार-पाच किलो निंबोळी पेंड घाला, मुठीत दाबल्यावर लाडू वळेल पण पाणी गळणार नाही इतकी ओल ठेवा, सावलीत ढीग करून गोणपाटाने झाका. दर तीन-चार दिवसांनी उलथापालथ. दहा-पंधरा दिवसांत खतावर पांढरी-हिरवी झाक दिसते. तुमच्या दोन हजार मीटरला एवढे पुरते: त्यातले वीस-पंचवीस किलो शंभर मीटरच्या रोपवाटिकेत, उरलेले लावणीच्या आधी वाफ्यांत, मुळे जिथे येणार त्या थरात मिसळून. वर भुरभुरून उन्हात वाळवायचे नाही. जमीन आंबट आहे म्हणून चुना घालायचा असेल तर माती तपासून, कृषी कार्यालयातून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवरच्या आकड्यानुसार घाला, आणि या खताच्या दोन-तीन आठवडे आधी. दोन्ही एकाच दिवशी नकोत.

रोपवाटिकेबद्दल थोडक्यात. रोपे आडवी पडली ती बहुतेक दाट पेरणी आणि संध्याकाळच्या पाण्यामुळे. गादीवाफे करा, बी ओळीत आणि विरळ टाका, पाणी सकाळी, तेही वरची माती सुकल्यावर. दोन हजार मीटरच्या कांद्याला दीड-दोन किलो बी लागते. बियाला किलोमागे पाच ते दहा ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळतात, पण तुमचे बी गुलाबी किंवा हिरव्या रंगाचे आले असेल तर थांबा. तो रंग बहुधा थायरमसारख्या बुरशीनाशकाच्या लेपाचा असतो. त्यावर जिवंत बुरशी चोळून काय साधणार? तिथे खतातल्या ट्रायकोडर्मावरच भिस्त ठेवा. आणि ताई, थोडे कडू बोलतो: असे बी पेरून ‘आमच्या कांद्याला औषध नाही’ असे म्हापशात सांगू नका. ‘उभ्या पिकाला मारत नाही’ असे सांगा. तुमची गिऱ्हाइके परत येणारी आहेत.

लावणीच्या दिवशी रोपांची मुळे स्युडोमोनासच्या पाण्यात, लिटरला दहा ग्रॅम, अर्धा तास बुडवून लावा. हा जिवाणू आहे. मुळांवर त्याचा पातळ थर बसतो आणि तो लोह पळवतो, त्यामुळे रोगाच्या बुरशीची उपासमार होते. दोन रोपांत दहा सेंटिमीटर, दोन ओळींत पंधरा. जागा वाचवायला त्याहून दाट लावलेत तर करप्याला आमंत्रण.

करप्याचे गणित सगळे दवावर आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे जे धुके उतरते, त्याने पात सकाळी नऊ-दहापर्यंत ओली राहते. त्यात आदल्या संध्याकाळी तुम्ही नळीने वरून पाणी शिंपडले असेल तर पात दहा-बारा तास ओली, आणि अल्टरनेरियाच्या बीजाणूला रुजायला एवढा वेळ भरपूर झाला. म्हणून पाणी पाटाने किंवा ठिबकने, बुडाशी, सकाळी. याने जेवढा करपा कमी होतो तेवढा कोणत्याही जैविक फवारणीने होताना मी पाहिलेला नाही. डागाळलेली पाती दिसतील तशा खुडून शेताबाहेर खड्ड्यात पुरा. शेताच्या मेरेवर टाकून ठेवलीत तर तिथूनच बीजाणू उडतात. फुलकिड्यांकडे लक्ष द्या. पातीवर चंदेरी ओरखडे दिसले की समजा ते आले. ते पात खरवडतात आणि त्या जखमांतून करपा आत शिरतो. लावणीच्या महिनाभर आधी शेताभोवती मक्याच्या दोन दाट ओळी पेरल्या तर त्यांना थोडा अटकाव होतो, आणि कणसे भाजून खायला मिळतात ती वेगळीच.

फवारणी करायचीच तर बॅसिलस सबटिलिस किंवा स्युडोमोनास, लिटरला पाच ग्रॅम, लावणीनंतर महिन्याने सुरू करून दहा-बारा दिवसांच्या अंतराने, ऊन उतरल्यावर. कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो. नुसते पाणी मारले तर ते अक्षरशः अळवावरचे पाणी होते. दुकानात मिळणारे चिकटद्रव्य घाला. आणि हेही मोकळेपणी सांगतो की मातीत जैविक उपाय जितका चांगला चालतो तितका पातीवर चालत नाही. पातीवर ऊन आहे, वारा आहे, तिथे हे जीव फार दिवस टिकत नाहीत. करपा बेताचा असेल तर तो आवरतो; सलग आठवडाभर ढग आणि धुके राहिले तर हाताबाहेर जाऊ शकतो. ताक, गोमूत्र, राख यांबद्दल लोक मला नेहमी विचारतात. राखेने पात थोडी कोरडी राहते आणि मातीला पालाश मिळते, एवढे मान्य. ताकाने करपा गेला असे मी ऐकले पुष्कळ, पाहिले एकदाही नाही.

जाता जाता एक गंमत. थंड देशांत कांद्याची पांढरी कूज करणारी स्क्लेरोशियमची एक वेगळी जात आहे. तिचे दाणे मातीत वीस-वीस वर्षे झोपून राहतात आणि कांदा-लसणाच्या मुळांचा वास आला तरच जागे होतात. तिथले शेतकरी रिकाम्या शेतात लसणाचा अर्क सोडतात. दाणे फसून उगवतात, कांदा कुठेच नसतो, आणि उपाशी मरतात. आपल्या उष्ण प्रदेशातल्या स्क्लेरोशियमला ही युक्ती लागू पडत नाही, तेव्हा करून बघू नका. पण ज्याला कोणाला सुचली त्याला माझा दंडवत.

माळेतला काळा भुगा म्हणजे अस्परजिलस. तो कांद्याच्या मानेतून शिरतो, आणि मान जाड, ओली राहिली तर त्याला दार उघडेच. युरिया उशिरा दिला की मान जाड होते. लावणीनंतर दीड-दोन महिन्यांनी नत्र पूर्ण बंद करा. काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडा. निम्म्या माना आपणहून पडल्या की कांदा उपटा, शेतातच तीन-चार दिवस असा पसरा की एकाची पात दुसऱ्याच्या अंगावर येईल आणि ऊन थेट कांद्याला लागणार नाही. मग सावलीत दहा-बारा दिवस. तुम्ही माळ विणता, म्हणजे पात कापत नाही, म्हणून तुमच्या कांद्याची मान वाळायला आणखी थोडा वेळ द्यायला हवा. मान चिमटीत धरली तर कागदासारखी वाजली पाहिजे. बाजाराच्या घाईत हिरवट पातीची माळ विणली की श्रावणात तिचे काय होते ते तुम्ही पाहिलेच आहे. लगेच विकून खपायच्या माळा एक वेळ चालतील, पावसाळा काढायच्या नाहीत. जुन्या घरांत माळा चुलीच्या वर टांगत. त्या उबेने आणि धुराने कांद्याभोवतीची हवा कोरडी राहायची. गॅस आल्यावर माळ माळ्यावर गेली आणि ती ऊब गेली. चूल पेटवा असे मी म्हणत नाही. पण भिंतीला टेकून न ठेवता, मध्ये हात जाईल एवढे अंतर सोडून, खिडकीच्या वाऱ्यात टांगा आणि दर आठवड्याला एकेक माळ हाताने चाचपा. एक काळा सापडला तर तेवढाच काढा, लगेच.

आता यजमान. त्यांच्याशी वाद घालू नका, तह करा. ते म्हणतात ते रासायनिक बुरशीनाशक करप्यावर चालते, हे खोटे नाही. पण कार्बेन्डाझिमसारखे औषध मुळांशी ओतले की तुमच्या खतातला ट्रायकोडर्मा गेला. मग दोन्हींचे पैसे वाया. म्हणून आधीच ठरवून घ्या: यंदा मुळांशी रासायनिक काहीही जाणार नाही. पातीवर करपा हाताबाहेर गेला तर कुठल्या चार-पाच वाफ्यांत त्यांनी मारायचे ते आजच खुणा करून ठेवा, आणि त्या वाफ्यांचा कांदा म्हापशाच्या टोपलीत जाणार नाही. दोन वाफे असेही ठेवा की ज्यांना तुमची पावडरही नाही आणि त्यांचे औषधही नाही. काढणीला तिघे मिळून, सासऱ्यांसह, सगळे वजन करा. माझ्या पत्राने त्यांचे मत बदलणार नाही. काट्याने कदाचित बदलेल.

यंदा पहिले संशयित रोप दिसले की मुळांसकट, थोड्या मातीसह उपटा. कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, त्यात वाटेतच सडते. त्याच दिवशी जुने गोवे भागातल्या एला येथे किनारी कृषी संशोधन संस्थेच्या आवारात जे कृषी विज्ञान केंद्र आहे तिथे न्या, किंवा डिचोलीच्या विभागीय कृषी कार्यालयात दाखवा. मोहरीचे दाणे होते की नव्हते, हे मला तेवढे कळवा. मरडीवर अळसांदे की मका, ते त्यावर ठरेल.